घर भाड्याने दिले, घरपट्टी कोणाची?

नवी मुंबईत फ्लॅट भाड्याने देण्याचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. घर भाड्याने दिले म्हणून महापालिका घरपट्टी वाढवते का? आणि ती भरायची कोणी, मालकाने की राहणाऱ्याने? ब्रोकर म्हणतो, "ते मालकच बघतात." मालकाला वाटते, भाड्यातून निघून जाईल. भाडेकरूला तर बिल कधी दिसतच नाही. मग पाच-सहा वर्षांनी घर विकायची वेळ येते, थकबाकी आणि दंड मिळून मोठा आकडा समोर येतो आणि सगळे एकमेकांकडे पाहू लागतात.

या प्रकरणातली सगळी गुंतागुंत एका गोष्टीपाशी येऊन सुटते: मालमत्ता कर, म्हणजेच घरपट्टी, माणसाच्या मागे जात नाही, तो जागेला चिकटतो. राहणारे बदलले, मालक बदलला, तरी कराचे खाते त्याच जागेचे राहते. हे ध्यानात ठेवून एकेक पायरी चढू.

१. आधी हद्द पाहा

पत्त्यात 'नवी मुंबई' असले म्हणून घर नवी मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत असतेच असे नाही. शहराची आखणी करण्यासाठी सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली. महापालिका आली १ जानेवारी १९९२ रोजी. बेलापूर, नेरूळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा हे तिचे आठ विभाग. खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल सिडकोनेच वसवले, पण १ ऑक्टोबर २०१६ पासून तिथे पनवेल महानगरपालिका आहे.

हा फरक केवळ नकाशावरचा नाही. पनवेल महापालिकेने मालमत्ता कराची बिले २०२१ मध्ये वाटली ती २०१६ पासूनच्या मागणीसह. मधल्या वर्षांत सेवा सिडकोकडून मिळत होत्या आणि सेवाशुल्कही तिलाच दिले होते, मग कर दोनदा का, असा रहिवाशांचा सवाल होता. या वादात भाड्याने घर देणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी होती. त्या वर्षांतले भाडेकरू घर सोडून गेले होते. मागणी मात्र घरावर आली.

म्हणून पहिले काम एकच. आपल्या घराचा कर कोणती महापालिका आकारते आणि बिलावरचा मालमत्ता क्रमांक कोणता, हे लिहून ठेवणे.

२. जमीन, घर आणि भाडे: तीन वेगळे हिशेब

नवी मुंबईत फ्लॅट घेणारा माणूस सहसा जमिनीचा पूर्ण मालक होत नाही. सिडकोने भूखंड साधारणपणे ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. त्यामुळे एकाच घराचे तीन हिशेब चालतात. जमिनीचा हिशेब सिडकोशी असतो: भाडेपट्टा, हस्तांतरणाची परवानगी आणि तिचे शुल्क. इमारतीचा हिशेब महापालिकेशी: मालमत्ता कर. आणि घरातून येणाऱ्या भाड्याचा हिशेब केंद्र सरकारशी: आयकर. सिडकोचे शुल्क भरल्याने घरपट्टी चुकत नाही आणि घरपट्टी भरल्याने आयकर चुकत नाही.

मेलबर्नला किंवा सिडनीला राहणारे मराठी नातेवाईक 'लँड टॅक्स' आणि 'काउन्सिल रेट्स' अशी दोन नावे घेतात, तेव्हा इथल्या माणसाचा गोंधळ होतो. तिथे लँड टॅक्स राज्य सरकार घेते, जमिनीच्या किमतीवर. स्वतः राहत असलेल्या घराला त्यातून सहसा सूट असते, भाड्याच्या घराला नसते. काउन्सिल रेट्स स्थानिक संस्था घेते, कचरा, रस्ते, बागा यांसाठी. मालकाला दोन्ही भरावे लागतात. आपल्याकडे फ्लॅटमालकाच्या दृष्टीने काउन्सिल रेट्सच्या जागी महापालिकेचा मालमत्ता कर आहे. दुसरे घर भाड्याने दिले म्हणून जमिनीच्या किमतीवर दरवर्षी वेगळा राज्यकर द्यावा लागत नाही.

३. एका बिलात अनेक कर

बिल हातात घेतले की एकच रक्कम भरायची असते, पण तिच्या पोटात बरेच कर असतात. मुख्य भाग सामान्य कराचा. त्याच्या जोडीला पाणीपुरवठा, मलनिःसारण, रस्ते, अग्निशमन, वृक्ष अशा बाबींचे कर किंवा उपकर असतात. शिक्षण कर आणि रोजगार हमी उपकर हे राज्य सरकारचे. १९६२ च्या कायद्यानुसार महापालिका ते गोळा करून सरकारकडे भरते. यांतला रोजगार हमी उपकर बिगरनिवासी जागांना लागतो. म्हणजे फ्लॅटमध्ये कुटुंब राहते की क्लासेस चालतात, यावर बिलातली करांची यादीच बदलू शकते.

नळाचे मीटरप्रमाणे येणारे पाण्याचे बिल या कराहून वेगळे. पाणीपुरवठ्याचा कर सोयीसाठी, पाण्याचे बिल वापरासाठी.

या पैशाचे महत्त्व आता पूर्वीपेक्षा जास्त आहे. नवी मुंबई महापालिकेला आधी मालावरच्या उपकरातून आणि मग एलबीटीतून (स्थानिक संस्था करातून) मोठे उत्पन्न मिळे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते साधन राज्याकडून मिळणाऱ्या अनुदानात बदलले. स्वतःच्या हातात उरलेल्या साधनांत मालमत्ता कर हे मोठे साधन. मोरबे धरणाचे पाणी घरापर्यंत येते, सकाळी घंटागाडी येते, पावसाळ्याआधी नाले साफ होतात. या सेवा भाडेकरूही तितक्याच वापरतो. म्हणून घरपट्टी ही फक्त मालकाची डोकेदुखी असे समजणे दोघांच्याही तोट्याचे आहे.

४. करपात्र मूल्य: सगळ्या हिशेबाचे मूळ

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ हा इथला मूळ कायदा. त्यातली कल्पना अशी: हे घर वर्षभरासाठी भाड्याने दिले तर रास्त भाडे किती येईल, याचा अंदाज बांधायचा. घर खरोखर भाड्याने दिलेले असो वा नसो. त्या वार्षिक भाड्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे. जे उरते ते करपात्र मूल्य. मग बिलातले सगळे कर या मूल्याच्या टक्केवारीने लावायचे.

रायगड-रत्नागिरीकडे आंब्याची बाग कराराने घेणारा व्यापारी आंबे मोजून पैसे ठरवत नाही. झाडे किती, मोहोर कसा, बाग कोणत्या अंगाची, हे पाहून हंगामाचा अंदाज बांधतो. करपात्र मूल्यही असेच अंदाजाचे असते. क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, वस्ती आणि वापर पाहून महापालिका ते ठरवते.

आता आकडे घेऊ. कोपरखैरण्यातला एक छोटा फ्लॅट समजा. महापालिकेने त्याचे रास्त भाडे महिना २,००० रुपये धरले आहे. वर्षाचे झाले २४,०००. त्यातून १० टक्के, म्हणजे २,४०० वजा. करपात्र मूल्य २१,६००. सगळे कर मिळून दर हिशेबाच्या सोयीसाठी ४० टक्के धरू. वर्षाचा कर ८,६४० रुपये, सहामाही ४,३२०.

इथे वाचक थांबतो. कोपरखैरण्यात महिना २,००० रुपयांत फ्लॅट मिळतो कुठे? प्रश्न बरोबर आहे. पुष्कळ घरांची आकारणी ती पहिल्यांदा कराच्या पुस्तकात आली तेव्हाच्या भाड्याच्या दरांवर झालेली असते. बाजारातले भाडे वर चढत गेले, पुस्तकातला आकडा मागे राहिला. नव्या टॉवरमधला आणि शेजारच्या जुन्या इमारतीतला फ्लॅट सारख्याच आकाराचे असून त्यांच्या करात फरक दिसतो, त्याचे एक मोठे कारण हेच.

५. भाड्याने दिल्यावर काय बदलते?

आता मूळ प्रश्न. वरच्याच फ्लॅटला प्रत्यक्षात महिना २०,००० रुपये भाडे मिळते असे समजा. करपात्र मूल्य या भाड्यावर काढले तर? वर्षाचे भाडे २,४०,०००. १० टक्के वजा जाता २,१६,०००. त्यावर ४० टक्के कर ८६,४०० रुपये. म्हणजे आलेल्या भाड्याचा एक तृतीयांशाहून जास्त वाटा. घर तेच, दर तोच, आणि कर दहापट! घरपट्टीत दराची चर्चा फार होते, पण खरा जीव करपात्र मूल्यात असतो, तो असा.

कायद्याचा शब्द 'रास्तपणे अपेक्षित भाडे' असा आहे. प्रत्यक्ष भाडे हा त्याचा एक पुरावा. तोच शेवटचा निकष नाही. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाण दौलत राय कपूर यांच्या खटल्यात सांगितले की, भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या जागेचे करपात्र मूल्य त्या कायद्याने ठरणाऱ्या प्रमाण भाड्यापलीकडे नेता येत नाही. एखादा भाडेकरू गरजेपोटी जास्त पैसे देतो म्हणून अंदाज तेवढा फुगवायचा नाही, हा त्यामागचा विचार.

तरीही भाड्याने देण्याचा परिणाम होतो, आणि तो गावोगावी वेगळा आहे. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत १९७० पासून मिळत आली. २०१८ नंतर ती थांबली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने परत आली. भाड्याच्या घराला ती नाही. मुंबईत २०१० पासून भाड्याऐवजी घराच्या भांडवली मूल्यावर कर लागतो आणि ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून माफी आहे. वाशी खाडीपलीकडची ही सूट नवी मुंबईत आपोआप लागू होत नाही. तेव्हा मुंबईच्या नातेवाइकाचे किंवा पुण्याच्या मित्राचे बिल पाहून आपला हिशेब मांडू नये.

नवी मुंबईतल्या मालकाने दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, आकारणीच्या उताऱ्यात भोगवटादार आणि वापर यांपुढे काय लिहिले आहे. दुसरी, घर भाड्याने देताना त्याचा वापर बदलतो आहे का. कुटुंबाला राहायला दिलेला फ्लॅट निवासीच राहतो. तोच फ्लॅट दवाखाना, ऑफिस किंवा ब्युटी पार्लरसाठी दिला तर तो बिगरनिवासी होतो. त्याचा दर निवासीपेक्षा जास्त, अपेक्षित भाडेही जास्त, आणि वर रोजगार हमी उपकर. भाडे पाच हजारांनी वाढले म्हणून आनंदाने होकार देण्याआधी हा फरक काढून पाहावा.

६. भरायची कोणी?

कायद्याचे कलम १३९ सांगते की, जागा भाड्याने दिली असेल तर कराची पहिली जबाबदारी देणाऱ्याची, म्हणजे घरमालकाची. पोटभाडेकरू असेल तर सर्वांत वरच्या भाड्याने देणाऱ्याची. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारातही साधारणपणे असाच मजकूर असतो: सर्व कर, मेंटेनन्स आणि सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क मालक भरेल, विजेचे बिल राहणारा भरेल.

मालकाने भरलेच नाही तर? कलम १४० नुसार महापालिका ताबा असलेल्या माणसाकडून, म्हणजे भाडेकरूकडून, वसुली करू शकते. भाडेकरूने दिलेली रक्कम त्याला भाड्यातून वळती करून घेता येते. समजा भाडे २०,००० आहे आणि महापालिकेच्या नोटिशीमुळे भाडेकरूने ४,३२० भरले; पुढच्या महिन्यात तो मालकाला १५,६८० देऊ शकतो. फक्त पावती जपून ठेवावी आणि मालकाला लेखी कळवावे.

कर भाडेकरू भरेल, असे मालक आणि भाडेकरू करारात ठरवू शकतात. दुकानांच्या बाबतीत तसे होतेही. पण हा दोघांमधला करार आहे, महापालिका त्याने बांधली जात नाही. भाडेकरू न भरताच गेला तर मागणी मालकाच्या जागेवर राहते. लंडनमध्ये काउन्सिल टॅक्स भाडेकरू स्वतःच्या नावाने भरतो, त्यामुळे तिथून परतलेल्यांना आपली पद्धत उलटी वाटते. फरक कायद्याच्या पायात आहे: तिथे बोजा मुख्यतः राहणाऱ्यावर, इथे जागेवर.

कलम १४१ हीच गोष्ट आणखी स्पष्ट करते. थकलेला मालमत्ता कर हा त्या मालमत्तेवरचा पहिला बोजा मानला जातो. म्हणूनच जुना फ्लॅट विकत घेताना घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला मागतात.

७. थकले तर काय होते?

कर सहामाही असतो: एप्रिलपासून एक, ऑक्टोबरपासून दुसरा. मुदतीत न भरल्यास थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती लागते. ऐकायला दोन टक्के किरकोळ वाटते. १०,००० रुपये थकले तर महिन्याला २०० रुपये, वर्षाला २,४००, म्हणजे २४ टक्के. कोणत्याही बँकेची मुदत ठेव इतके व्याज देत नाही, आणि गृहकर्जही इतके महाग नसते. हाताशी पैसे असताना घरपट्टी लांबवणे हा फार महागडा उधारीचा व्यवहार आहे.

त्यानंतर मागणीची नोटीस, मग जप्तीचे वॉरंट. महापालिका अधूनमधून अभय योजना काढते आणि शास्तीत मोठी सूट देते. अडचणीतल्या माणसाने तिचा आधार जरूर घ्यावा. पण योजना येईल म्हणून मुद्दाम थकवणे बरे नाही. ती कधी येईल आणि किती सूट देईल हे आधी ठरलेले नसते, आणि तोवर शास्ती चढत राहते.

गावठाणांत आणि त्यांच्या भोवती, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशा ठिकाणी, प्रकल्पग्रस्तांच्या अनेक कुटुंबांचे घर खोल्यांच्या भाड्यावर चालते. जमीन शहरासाठी गेली, शेती संपली, तेव्हा भाडे हाच आधार झाला. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. परवानगीशिवाय झालेल्या बांधकामालाही कर लागतो, आणि कलम २६७-अ नुसार त्यावर कराच्या दुप्पट शास्तीची तरतूद आहे; लहान घरांना राज्याने नंतर यात सवलती दिल्या. कर भरल्याने बांधकाम नियमित होत नाही, आणि कराचे बिल हा मालकीचा पुरावाही नाही. दोन्ही गैरसमजांपायी माणसे पुढे फसतात.

८. आकारणी चुकली असे वाटले तर

नवी आकारणी किंवा करपात्र मूल्यात वाढ करायची तर महापालिकेला आधी नोटीस द्यावी लागते. तिच्यात हरकत घेण्याची मुदत असते. हरकत लेखी द्यावी, पोच घ्यावी आणि सोबत कागद जोडावेत: क्षेत्रफळासाठी करारनामा किंवा मंजूर नकाशा, वापरासाठी भाडेकरार, तुलनेसाठी त्याच इमारतीतल्या तशाच फ्लॅटचे बिल. "कर फार आहे" या वाक्याने काही साधत नाही. "माझा फ्लॅट ४१० चौरस फूट आहे, नोंद ५२० ची आहे" हे वाक्य काम करते. सुनावणीनंतरही समाधान झाले नाही तर कलम ४०६ प्रमाणे न्यायाधीशांकडे अपील करता येते. त्याची मुदत थोडी असते आणि मागणीची रक्कम आधी भरावी लागते.

घर दोन भाडेकरूंच्या मधल्या काळात दीर्घकाळ रिकामे राहिले, तर काही कर परत मिळण्याची तरतूद नियमांत आहे. मात्र घर रिकामे झाल्याचे वेळीच लेखी कळवलेले असले पाहिजे. कुलूप लावून गप्प बसले की हा हक्क जातो.

९. भरलेल्या घरपट्टीचा आयकरात उपयोग

भाड्याच्या उत्पन्नावर आयकर लागतो, पण त्याआधी महापालिकेला भरलेला कर वजा होतो. अटी दोन. कर मालकाने स्वतः भरलेला असावा आणि त्याच आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेला असावा. नुसते बिल आलेले चालत नाही.

वरचाच फ्लॅट घ्या. वर्षाचे भाडे २,४०,०००. भरलेला कर ८,६४० वजा केला, उरले २,३१,३६०. यातून ३० टक्के, म्हणजे ६९,४०८ रुपये, दुरुस्ती वगैरेंसाठी सरसकट वजा होतात. खर्चाची पावती लागत नाही. करपात्र उत्पन्न १,६१,९५२. गृहकर्ज असेल तर व्याजाचा हिशेब त्यापुढे. भाडेकरूने घरपट्टी भरली असेल तर मालकाला ही वजावट नाही. थकलेली पाच वर्षांची घरपट्टी एकदम भरली तर ती ज्या वर्षी भरली त्या वर्षीच्या भाड्यातून वजा होते, पण शास्तीची रक्कम कर म्हणून दाखवता येत नाही.

१०. सोसायटीचे बिल हा वेगळा कागद

घर भाड्याने दिले की सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि हे १० टक्के काढताना महापालिकेचे कर धरायचे नसतात. सेवाशुल्क १,५०० असेल तर शुल्क जास्तीत जास्त १५०. सोसायटीच्या मासिक बिलात मालमत्ता कराची रक्कम मिसळलेली असेल आणि सगळ्या बेरजेवर १० टक्के लावले असतील, तर सचिवांना हा आदेश दाखवून दुरुस्ती मागावी.

११. किल्ली देण्याआधी

मालकाने भाडेकरार नोंदवताना शेवटच्या सहामाहीची घरपट्टीची पावती काढून ठेवावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे ही मालकाची जबाबदारी आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. करपात्र मूल्य वाढेल या भीतीने करारच न नोंदवणे म्हणजे छोट्या खर्चापासून पळून मोठ्या संकटात जाणे. करारात तीन वाक्ये स्पष्ट असावीत: मालमत्ता कर कोण भरणार, मुदतीत कर वाढला तर फरक कोण सोसणार, आणि जागेचा वापर कोणता. परदेशी किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या मालकाने बिलावरचा मोबाइल क्रमांक स्वतःचा आहे ना, हे पाहावे. नाहीतर नोटीस जुन्या नंबरवर जाते आणि शास्ती नव्या बिलावर येते.

भाडेकरूनेही डिपॉझिट देण्याआधी मालमत्ता क्रमांक मागून घ्यावा आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर थकबाकी पाहावी. पाच मिनिटांचे काम आहे. ज्या घरावर तीन वर्षांची घरपट्टी थकली आहे, त्या घराचा मालक डिपॉझिट वेळेवर परत करील का, याचा अंदाजही त्यातून येतो. भाडे किती आणि डिपॉझिट किती यावर आपण तासभर घासाघीस करतो. त्यातला थोडा वेळ या एका क्रमांकासाठी दोघांनीही काढावा.